अक्काच्या रक्तात काही नाही, असं मी म्हणाले

हे मी आजवर एकाही जिवाला सांगितलेलं नाही. लग्न केलं असतं तर नवऱ्यालाही सांगितलं नसतं – तेवढं तरी बरं, एका माणसाशी खोटं बोलणं वाचलं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि मध्येच थांबवून ‘जाऊ दे गं’ म्हणणार नाही. ते मला चालणार नाही.

पण एकदम नको. पाण्यात आधी पाय बुडवून बघायची माझी सवय आहे, आणि बऱ्याचदा मी पायच बुडवून परत फिरते. आज फिरणार नाही, असं म्हणते तरी.

आम्ही मूळचे निपाणीचे. तिघं भावंडं – अण्णा सगळ्यांत मोठा, मग अक्का, आणि शेंडेफळ मी, नलिनी. घरात नलू. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. तिच्या छातीत गाठ होती. ती गाठ तिनं पदराआड किती दिवस ठेवली होती, देव जाणे. कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. शेवटी शेवटी मला मागच्या खोलीत जायची भीती वाटायची. वासाची भीती, आणि – आता बोलतेच आहे तर – आईचीच भीती. पट्ट्या अक्का बदलायची. मी दारात गरम पाण्याचं पातेलं घेऊन उभी राहायचे आणि चौकटीवरच्या रंगाचे पोपडे बघायचे. न बघणं मला तेव्हापासून छान जमतं.

अक्काचं लग्न होऊन ती बंगळूरजवळच्या येलहंक्याला आली आणि वर्षभरात मलाही घेऊन आली. दाजी साधा माणूस. बायकोची बहीण म्हणजे पाहुणी, असं त्यांनी एकदाही जाणवू दिलं नाही. कॉलेज, मग एमएस्सी, मग प्रयोगशाळेतली नोकरी – सगळं मी त्या घरात राहून केलं. आमची प्रयोगशाळा रक्ताच्या आनुवंशिक आजारांवर काम करायची. मी पांढरा कोट घालून फोटो काढला तेव्हा अक्कानं तो देवाजवळ लावला. देवाजवळ! आणि शेजारच्या कन्नड बायकांना बोलावून दाखवला.

आता लोखंडाचं सांगते. हसू नका, सगळं त्यावरच आहे.

आमच्याकडे बाई म्हटली की तिच्या अंगात रक्त कमी, हे ठरलेलंच. दमली – रक्त कमी. चक्कर आली – रक्त कमी. चिडली तरी रक्त कमी. आई आमटीला फोडणी द्यायची ती लोखंडी पळीत, पळी लाल होईस्तोवर तापवून. ती आमटीत बुडाली की चर्र आवाज व्हायचा आणि आम्हा मुलींना पहिली वाटी मिळायची. लेक सासरी निघाली की तिच्या सामानात लोखंडी कढई जायचीच. अक्काबरोबर आईचीच कढई आली. शिवाय येलहंक्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली लोहाच्या टॉनिकची बाटली फडताळात, मसाल्याच्या डब्याशेजारी कायम उभी. अक्काचा दिवस एक चमचा टॉनिक आणि एक चमचा साखर यांनी सुरू व्हायचा.

आणि अशा घरात अण्णाला निघालं काय? तर अंगात लोह जास्त.

अण्णा तेव्हा होसकोट्याला एका कारखान्यात फोरमन होता. त्याचा रंग काळपट होत चालला होता. आम्ही म्हणायचो, उन्हात फिरतोस म्हणून. बोटांचे सांधे दुखायचे, मग साखर वाढली, मग लिव्हर सुजलं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी शेवटी शोधून काढलं. काही माणसांचं शरीर अन्नातलं लोह गरजेपेक्षा जास्त शोषतं आणि साठवत राहतं. वरचेवर रक्त काढून टाकणं हाच त्यावर इलाज. अक्का डब्यातून भाकरी घेऊन इस्पितळात गेली होती. अण्णाच्या दंडातून पिशवीत जाणारं रक्त बघून ती म्हणाली, “हे बरं की! आम्ही बायकांनी बाटल्या रिकाम्या करायच्या, आणि ह्यो ओतून टाकणार!” अण्णा हसला. डॉक्टर हसले नाहीत. हा दोष आईवडील दोघांकडून येतो, म्हणाले, भावंडांनीही तपासून घ्यायला हवं. बायकांचं महिन्याच्या महिन्याला थोडं रक्त जातं म्हणून त्यांच्यात उशिरा कळतं, एवढंच.

अक्काची पाळी केव्हाच थांबली होती. मुलगी झाल्यावर गर्भपिशवी काढली होती तिची. हे डॉक्टरांना माहीत नव्हतं. मला होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. ज्या जनुकातल्या बदलामुळे हे होतं त्याचा पत्ता जगाला नुकताच लागला होता. आपल्याकडे तो बदल विरळा, म्हणून आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना अण्णाच्या केसमध्ये फार रस वाटला. त्यांनी त्याचा नमुना मागवला आणि तपासणी मीच केली. पद्धत अशी – खरवसाच्या वडीसारखी एक पातळ वडी असते. तिच्यात नमुना सोडायचा, वडीतून वीज जाऊ द्यायची, आणि मग अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्यावर ती ठेवायची. दिवा लावला की रेघा चमकतात. रेघा कुठे आहेत त्यावरून बदल आहे की नाही ते कळतं. अण्णाच्या रेघा स्वच्छ दिसल्या. आईकडून आलेली प्रतही बदललेली, बाबांकडून आलेलीही.

मॅडम चहा पिता पिता सहज बोलून गेल्या. जादा लोह पेशींना इजा करतं. लिव्हरच्या कॅन्सरचं तर माहीतच आहे. स्तनाच्या कॅन्सरशी याचा काही संबंध असेल का, हा प्रश्न आता लोक विचारू लागलेत. उत्तर अजून कुणाकडेच नाही, आणि बहुधा एवढं सरळ नसेलही. असं म्हणून त्यांनी बिस्किट बुडवलं. माझ्या हातातला कप मात्र खाली ठेवावा लागला. मला मागच्या खोलीचा वास आला. खरंच आला, तिथे, एसीत.

त्या दिवसापासून अंघोळीला जायची भीती वाटू लागली. साबण लावताना हात तिथून जायचा, आणि हाताला काही लागेल म्हणून मी साबण नुसता फिरवून पाणी ओतून घ्यायचे. आईकडे तो बदल होता, निदान एका प्रतीत. तिला गाठ झाली. आता अक्कात काय, माझ्यात काय? एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मला पुस्तकातून पाठ होतं. भीतीनं कधी पुस्तक वाचलंय?

मॅडम म्हणाल्या, बहिणींचंही करून टाक. अक्काचं रक्त मी घरीच घेतलं. स्वयंपाकघरात, स्टुलावर बसवून. तिनं तोंड फिरवलं, डोळे मिटले आणि सुई निघाल्या निघाल्या म्हणाली, “झालं काय? एवढंच? उगाच घाबरले बघ मी.” मग बाही खाली ओढत, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, “नलू, ह्यात आईचं ते – तसलं काय असलं तर कळतंय काय गं?”

इथे मी काय सांगायला हवं होतं? की नाही अक्का, यात फक्त लोहाचं कळतं. गाठीचं यातून कळत नाही. त्यासाठी स्वतःच्या हातानं बघत राहायला हवं, आणि काही लागलं तर तडक डॉक्टर गाठायला हवा. दोन वाक्यं. मला ती येत होती. पण ‘गाठ’ हा शब्द त्या घरात मी उच्चारू शकत नव्हते. मी म्हणाले, कळेल सगळं.

माझं रक्त एका मैत्रिणीनं काढून दिलं. दोन्ही नमुने मी एकाच वडीत सोडले – पहिला अक्काचा, शेजारचा माझा. शनिवारची दुपार होती, अर्धा दिवस भरून सगळे पांगले होते. वडी ट्रेमध्ये घेऊन मी अंधाऱ्या खोलीत गेले. दिव्यावर ठेवली. दार लावलं. बटण उजव्या हाताला होतं.

मी ते दाबलं नाही.

किती वेळ उभी होते माहीत नाही. बाहेर माळी पाण्याचा पाइप ओढत होता, त्याचा आवाज येत होता. मी स्वतःला म्हणत होते, आत्ता दाबते. एकदा बोट बटणावर ठेवलंही. मग वाटलं, दिवा लागला की दोन्ही रांगा एकदमच दिसणार. अक्काचं दिसणार आणि माझंही. एकदा दिसलं की न दिसल्यासारखं करता येत नाही.

मी ती वडी तशीच कचऱ्याच्या पिशवीत टाकली.

आता तुम्ही विचाराल, एकट्या अक्काचा नमुना वेगळा का नाही तपासला? येत होता की तपासता. हे माझ्या मनात आलं नाही असंही नाही, त्याच दुपारी आलं होतं. पण अक्कात सापडलं असतं तर सगळ्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता – आणि नलूचं काय? म्हणून नाही तपासला. मी अक्कासाठी घाबरले नव्हते. इतकी वर्षं स्वतःलाही मी तसं भासवत आले, पण मी माझ्यासाठी घाबरले होते.

मग खोटं बोलणं आलंच. मॅडमना म्हटलं, नमुने खराब झाले, आता घरचे बाहेरच करून घेणार आहेत. त्यांच्या मागे दुसरी कामं होती. उरलेले नमुने फ्रीझर साफ करायच्या दिवशी मीच फेकले. अण्णाला सांगितलं, आम्हा दोघींत काही नाही. त्यानं ते त्याच्या डॉक्टरांना सांगितलं. आणि अक्का – अक्का दारातच उभी होती. मी चप्पल काढायच्या आधी तिनं विचारलं, “काय आलं?”

“काही नाही. तुझ्या रक्तात काही नाही.”

“आईसारखं बी काय नाही न्हवं?”

“नाही गं.”

तपासणी मी खरंच केली असती आणि ती चांगली आली असती, तरी हे उत्तर तिला देता आलं नसतं. ते त्या तपासणीत नव्हतंच. हे मला तेव्हा माहीत होतं. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि तो उतरलेला बघून मला बरं वाटलं – हेही सांगायलाच हवं. त्या दिवशी तिनं शेवयांची खीर केली. मी दोन वाट्या खाल्ल्या.

घरोघरी एक असतो ना, ‘आपला तो लॅबमध्ये आहे’, ‘आपली ती दवाखान्यात आहे’ – मग डॉक्टरपेक्षा त्याच्या शब्दाला वजन. आमच्या घरी ती मी होते. अक्कानं माझं ऐकून इस्पितळातली साधी तपासणीही केली नाही. घरच्या पोरीनं बघितलंय म्हटल्यावर परक्याकडे कशाला जायचं?

टॉनिक चालूच होतं. ती दमायची आणि डॉक्टर लिहून द्यायचे. लोह साठलेला माणूसही तसाच दमतो, हे मला ठाऊक होतं. एकदा मी बाटली माळ्यावर लपवली. अक्कानं दुसरी आणली. मग पहिलीही सापडली आणि घरात दोन झाल्या. दिवाळीला मी तिला नॉनस्टिक कढई आणून दिली. काय शूर! बहिणीला खरं सांगायच्या ऐवजी भांडं आणून दिलं. ती हसून म्हणाली, “हिच्यात चव कुठली येत्ये? आईची कढई टाकू होय?” आणि नवी कढई पापड ठेवायला वापरली. मी तिच्या हाताकडे, नखांकडे, कातडीच्या रंगाकडे चोरून बघायचे. काळवंडली का? की येलहंक्याचं ऊन? रोज मी ताटावरून अर्धवट उठायचे. तिला वाटायचं, पोरीचं ऑफिसात काहीतरी बिनसलंय. ती मलाच एक चमचा टॉनिक घे म्हणायची.

गाठ तिला अंघोळ करतानाच लागली. तिनं सांगितली नाही. आईसारखीच पदराआड ठेवली, असं आधी मला वाटलं. पण तसं नव्हतं. दाजींनी ओढून इस्पितळात नेली तोवर गाठ वाढली होती, काखेतही उतरली होती. मी रडत तिला विचारलं, इतके दिवस का नाही बोललीस? ती खाटेवर मांडी घालून बसली होती. मलाच समजावल्यासारखं म्हणाली, “अगं, तू बघितलीस की माझं रक्त. तसलं काय असतं तर तू सांगितली नसतीस काय? मला वाटलं साधी गाठ असंल, जाईल.”

ती लपवत नव्हती. ती निर्धास्त होती. आणि निर्धास्त मी केली होती.

अजून एक आहे. तुम्हाला वाटलं असेल, झालं आता. नाही.

ऑपरेशनच्या आधी रक्ताचे रिपोर्ट बघून तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लिव्हर थोडं नाराज दिसतंय, घराण्यात काही आजार? दाजींनी अण्णाचं सांगितलं. त्यांनी लगेच मान वर केली – मग यांचं लोह तपासलंय का? आणि दाजी, माझे साधे दाजी, माझ्याकडे बोट दाखवून अभिमानानं म्हणाले, “हमारी नलू ने चेक किया है मॅडम. लॅब में है. सब क्लीन.” बाईंनी माझ्याकडे बघितलं. अक्कानं बघितलं. मला फक्त मान हलवायची होती – आडवी. एकदा.

मी उभी हलवली. त्यांनी पुढचं पान उलटलं.

तेव्हा सांगितलं असतं तर अक्का वाचली असती का? नाही, बहुधा नाही. लोहामुळे तिला गाठ झाली का? माहीत नाही. तिच्यात तो बदल होता की नव्हता, हेच मुळात माहीत नाही. त्या जनुकाचा आणि त्या कॅन्सरचा नक्की संबंध काय, यावर जाणती माणसंही ठामपणे बोलत नाहीत. कधी कधी मी या ‘माहीत नाही’च्या मागे लपते, तिथे जागाही पुष्कळ आहे. पण गाठ लागल्यावर अक्का गप्प का राहिली, हे मला नक्की माहीत आहे. तिथे कुठलंच जनुक आड येत नाही.

अक्का गेली तेव्हा पावडर लावलेल्या तिच्या गालांकडे बायका बघत होत्या आणि मी चौकटीवरचा रंग बघत होते. देवाजवळचा माझा फोटो तिथेच होता.

तिची मुलगी मुक्ता तेव्हा लहान होती. आता ती इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते, तिकडेच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. आईची – म्हणजे माझ्या आईची – कढई तिच्याकडे आहे. परवा तिचा फोन आला. हल्ली फार थकवा येतो म्हणून ती डॉक्टरकडे गेली होती. रक्त कमी असेल म्हणून लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. घराण्यात काय काय आहे तेही विचारलं. “मामाचं सांगितलं मी त्यांना. आणि आईचं सांगितलं की तिची जेनेटिक टेस्ट झालेली, नॉर्मल होती, मावशीनेच केलेली. मग ते म्हणाले, ओके, तुला नको करायला. बरोबर ना गं मावशी?”

मी ‘हो’ म्हणाले.

विचार करून नाही. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं. फोन ठेवल्यावर कळलं, आपण काय बोललो. इतका वेळ मी ही जुनी गोष्ट म्हणून सांगत होते ना? ती जुनी नाही. माझं ते एक वाक्य अजून हिंडतंय, आणि आता ते मुक्ताच्या फायलीत जाऊन बसलंय. ती अक्कासारखीच निर्धास्त झाली असेल. सकाळी गोळी घेत असेल.

मी तिला परत फोन केला. गोळ्या स्वल्प, चार दिवस थांबव म्हटलं, रविवारी जेवायला ये म्हटलं. तिनं विचारलं, काय गं, काय झालं? मी म्हटलं, ये मग सांगते. ती हसली, मी कढईतली वांग्याची भाजी घेऊन येते म्हणाली.

रविवारी ती येईल. मला भीती वाटते – त्या अंधाऱ्या खोलीत वाटली होती तेवढीच. माझं रक्त मी अजूनही तपासलेलं नाही. सोमवारी दोघींनी मिळून जायचं, असं तिला म्हणणार आहे. ती माझ्याबरोबर येईल की नाही, पुन्हा माझ्या घरी जेवेल की नाही, ते तिचं ती ठरवेल. मी काही मागणार नाही. भाजीचा डबा उघडायच्या आधी बोलायचं, एवढं ठरवलंय, आणि पहिलं वाक्य आजपासूनच घोकते आहे, कारण तेवढं निघालं की पुढचं अडवता येणार नाही: मुक्ता, तुझ्या आईचं रक्त मी कधी बघितलंच नाही.